इलेक्ट्रोक्रोमिक पदार्थांचे संशोधन : निकषांची एक चिकित्सा

विद्युतदाब दिला असता रंग बदलणाऱ्या पदार्थांना इलेक्ट्रोक्रोमिक पदार्थ म्हणतात. एस. के. देब यांनी १९६९ मध्ये टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरातील हा गुणधर्म प्रकाशात आणला. तेव्हापासून हे संयुग या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. थरात इलेक्ट्रॉन व लिथियम आयन एकाच वेळी शिरले की तो निळा होतो. दाबाची दिशा उलटली की पुन्हा पारदर्शक होतो.

या विषयावरील अनेक शोधनिबंधांत 'रंगन कार्यक्षमता' हाच प्रमुख निकष मानलेला दिसतो. प्रति एकक क्षेत्रफळ दिलेल्या विद्युतभारामुळे प्रकाशीय घनतेत किती बदल झाला, एवढेच तो सांगतो. थर किती आवर्तने टिकेल, याविषयी तो मौन पाळतो. शिवाय लहान नमुन्यावर काही सेकंदांत होणारा बदल मोठ्या खिडकीत काही मिनिटे घेतो. कारण पारदर्शक वाहक थराचा रोध तेथे आडवा येतो. खिडकी तर वर्षानुवर्षे वापरायची असते.

टिकाऊपणाची चाचणी हे कारखान्याचे काम आहे, असा आक्षेप घेतला जाईल. तो मान्य करता येत नाही. थरात अडकून पडलेले लिथियम आयन विद्युतप्रक्रियेने बाहेर काढून निकामी थर पूर्ववत करता येतो, हे वेन, ग्रांक्विस्ट व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखविले. ऱ्हासाचा अभ्यास हाच येथे मूलभूत विज्ञानाचा अभ्यास ठरला. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी कार्यक्षमतेच्या आकड्याबरोबरच आवर्तनांची संख्या, नमुन्याचे क्षेत्रफळ व तापमान यांची नोंद करणे अगत्याचे आहे. त्यांवाचून तो आकडा अपुराच राहतो.