'विभ्रम' आणि 'बरळणे'

न घडलेली गोष्ट घडली म्हणून यंत्राने सांगितली, की इंग्रजीत तिला 'हॅल्युसिनेशन' म्हणतात. केंब्रिज कोशाने २०२३ सालचा शब्द म्हणून त्याच धातूचे क्रियापद निवडले. मराठी अनुवादक येथे मानसशास्त्राच्या परिभाषेतील 'विभ्रम' उचलतात. ही निवड सदोष आहे. दोरीवर साप दिसतो तेथे निदान दोरी असते; तो भ्रम. विभ्रमात दोरीही नसते, परंतु पाहणारा असतो. यंत्राला पाहणेच नाही. शिवाय भरताच्या नाट्यशास्त्रात 'विभ्रम' हा नायिकेचा एक स्वभावज अलंकार. हर्षाच्या भरात भूषणे भलत्या जागी घालणारी तिची धांदल या शब्दातून अद्याप पुरती गेलेली नाही. बंगळूरच्या यशवंतपुरात मराठी माणसाच्या कानी कन्नड 'भ्रमे' पडते. तेही मनाचेच लक्षण. 'थाप' म्हणावे तर हेतू चिकटतो. उलट मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मनाने भरकटणे, असंबद्ध बोलणे असा होता, आणि त्याला मराठीत तापकऱ्याचे 'बरळणे' तयारच आहे. ते ग्राम्य म्हणून टाळणे हे परिभाषाकारांचे जुने सोवळे. एक अडचण मात्र खरी: बरळणे ऐकताच ओळखू येते, यंत्राचे वाक्य व्याकरणशुद्ध असते.