शुक्राच्या ढगांवरचे डाग

कडेगाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पावसाळ्यात पश्चिमेकडून ढग येतात आणि पुष्कळदा न बरसताच पुढे जातात. ढग कुठे आणि किती वेगाने चालले आहेत यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज येतो, हे इथल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे संजय लिमये यांनी शुक्रावरचा वारा याच रीतीने मोजला.

शुक्राचे ढग साध्या प्रकाशात जवळजवळ कोरे दिसतात; अतिनील किरणांत मात्र त्यांवर काळसर डाग उमटतात. १९७४ साली शुक्राजवळून गेलेल्या मरिनर-१० यानाने अशी छायाचित्रे घेतली. त्यांवरून व्हर्नर सुओमी आणि लिमये यांनी १९७८ साली दाखवले, की तेथील वातावरण ध्रुवाभोवती प्रचंड भोवऱ्यासारखे फिरते. शुक्राला स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस लागतात. वरचे ढग मात्र सुमारे ४ दिवसांत फेरी पूर्ण करतात! पुढे जपानच्या अकात्सुकी यानाच्या कामातही लिमये सहभागी झाले. एकच प्रश्न घेऊन इतकी वर्षे मोजमाप करीत राहणे, हे आम्हाला या कारकिर्दीचे खरे बळ वाटते.

तरी दोन गोष्टी तपासून घ्यायला हव्यात. डागाचा वेग तोच वाऱ्याचा वेग, हे गृहीतक आहे. डोंगरमाथ्यावर ढग एकाच जागी थांबलेला दिसतो, तेव्हाही त्यातून वारा वाहतच असतो. शुक्रावरही लहरींमुळे अशी फसगत होऊ शकते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. हे डाग कशाचे, हे अजून पुरते उलगडलेले नाही. ते सूक्ष्मजीवांमुळे असू शकतील, अशी शक्यता लिमये व सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडली. डाग प्रकाश शोषतात त्या रीतीशी काही जीवाणूंचे साम्य आहे, हा त्यांचा एक आधार. पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. त्या गंधकाम्लाच्या ढगांतील पाण्याची उपलब्धता ज्ञात जीवांना लागणाऱ्या किमान मर्यादेहून शंभरपटीपेक्षाही कमी आहे, असे २०२१ सालच्या एका अभ्यासात आढळले. म्हणून हे अनुमान आम्हाला आज पटत नाही. मात्र ते तपासता येईल अशा रूपात मांडले गेले, हे मान्य केले पाहिजे.

शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने करावेत : ‘मोजलेले’ आणि ‘अनुमान’. ४ दिवसांची फेरी पहिल्यात, सूक्ष्मजीव दुसऱ्यात. मग मैदानात सपाट आरसा ठेवून ढगाच्या प्रतिबिंबाची दिशा टिपावी आणि वारा कोणत्या रकान्यात लिहायचा, ते मुलांनाच ठरवू द्यावे.