गतकाळावरील चाचणी आणि प्राचलांचा मोह : एक चिकित्सा

महाळुंगे येथील कारखान्यांत नव्या जॉबचे उत्पादन सुरू होण्यापूर्वी ट्रायल घेतली जाते. कटिंग स्पीड अथवा फीड बदलला की काही नग काढून ते गेजवर तपासतात आणि मगच सेटिंग कायम होते. चाकण पट्ट्यात हे काम करणाऱ्या तरुणांच्या मोबाइलवर आज शेअर बाजारातील व्यूहनीतींची ‘ट्रायल’ घेणारी साधनेही सहज उपलब्ध आहेत. दहाऐवजी पंधरा दिवसांची सरकती सरासरी घेतली असती तर? स्टॉपलॉस दोन टक्क्यांऐवजी तीन टक्के ठेवला असता तर? प्राचले अशी कल्पनेने बदलून जुन्या किमतींवर नफा-तोटा मोजण्याच्या या रीतीस बाजारात बॅकटेस्टिंग म्हणतात. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांतील प्रकल्पांसाठीही ती सोयीची असल्याने तिची चिकित्सा अगत्याची ठरते.

या दोन ट्रायलमधील साम्य वरवरचे आहे. यंत्रावर सेटिंग बदलले की नवे नग तयार होतात, म्हणजेच नवा पुरावा हाती येतो. बॅकटेस्टिंगमध्ये नग तेच राहतात, बदलते ते गेज. आणि सर्व नग पास होईपर्यंत गेज घासत राहण्याची मुभा संशोधकास असते. बाजाराचा इतिहास एकदाच घडतो. २३ मार्च २०२० रोजी निर्देशांक १० टक्क्यांनी कोसळून व्यवहार ४५ मिनिटे थांबले होते. तो दिवस नेमका टाळणारा स्टॉपलॉस आज शोधून काढणे कठीण नाही. परंतु तो एका घटनेवरून शिकलेला आहे, नियमावरून नव्हे.

गणित साधे आहे. लघु सरासरीची २० मूल्ये, दीर्घ सरासरीची २० आणि स्टॉपलॉसची ५ घेतली तर २,००० चाचण्या होतात. व्यूहनीतीत काहीही तथ्य नसले तरी पाच टक्के सार्थकता पातळीवर त्यांतील सुमारे १०० निव्वळ योगायोगाने ‘यशस्वी’ ठरणे अपेक्षित आहे. प्रकल्पात मात्र त्यांतील सर्वोत्तम एकच छापली जाते. हॅल्बर्ट व्हाइट यांनी २००० साली या दोषावर सांख्यिकीय उपाय मांडला. बेली, बोरवाइन, लोपेझ द प्रादो व झू यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले, की पाच वर्षांचीच आकडेवारी हाती असल्यास ४५ हून अधिक स्वतंत्र पर्याय तपासणे धोक्याचे आहे. मोबाइलवर ४५ पर्याय तपासण्यास एक दुपारही लागत नाही.

आणखी एक विसंगती अशी, की जी प्राचले प्रत्यक्षात बदलतात ती या चाचण्यांत बहुधा स्थिर धरली जातात. ऑप्शन विक्रीवरील रोखे उलाढाल कर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ टक्क्यांवरून ०.१ टक्का झाला. म्हणजे एक लाख रुपये प्रीमियमच्या विक्रीवर ६२.५० रुपयांऐवजी १०० रुपये. बँक निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन नोव्हेंबर २०२४ मध्ये बंदच झाले, त्यामुळे त्यांवर बेतलेल्या व्यूहनीतीस व्यवहारासाठी साधनच उरले नाही. निफ्टीच्या सौद्यांची मुदत संपण्याचा वार सप्टेंबर २०२५ पासून गुरुवारऐवजी मंगळवार झाला. शेअर्सच्या निवडीतही हाच सापळा असतो : आजच्या निफ्टीतील ५० कंपन्या घेऊन २००५ पासूनची चाचणी केली, तर जानेवारी २००९ मध्ये निर्देशांकातून वगळलेली सत्यम त्या यादीत येतच नाही आणि तोटा न सोसताच इतिहास पार पडतो.

याचा अर्थ पद्धत टाकाऊ आहे असा नव्हे. प्राचल थोडे हलवून पाहण्याचा खरा उपयोग नफा वाढविण्यासाठी नसून निष्कर्षाचा ठिसूळपणा तपासण्यासाठी आहे. १३ दिवसांच्या सरासरीवर भरघोस नफा आणि १२ व १४ दिवसांवर तोटा दिसत असेल, तर त्या १३ वर विश्वास ठेवण्यास आधार नाही. शेजारच्या मूल्यांवरही नफा टिकत असेल तर पुढे विचार करता येतो; तोही आकडेवारीचा बाजूला ठेवलेला भाग एकदाच उघडून. दुसऱ्यांदा उघडला की तोही जुना नग झाला.

हा वाद केवळ पद्धतीचा नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये यांतील ४३ टक्के लोक तिशीच्या आतील होते. हा तोटा बॅकटेस्टिंगमुळे झाला असे अभ्यास म्हणत नाही, आणि प्रस्तुत लेखकही म्हणत नाही. तथापि अल्गोरिदमच्या गतकालीन वा अपेक्षित परताव्याचा उल्लेख करण्यास सेबीने सप्टेंबर २०२२ मध्ये दलालांना मनाई केली, ती अशा आकड्यांची भुरळ ओळखूनच. दलालाने जे सांगू नये ते विद्यार्थ्याच्या प्रकल्पात ‘निष्कर्ष’ म्हणून मान्य होत असेल, तर दोष परीक्षकांचा आहे. प्रकल्पाच्या पहिल्याच तक्त्यात एकूण किती चाचण्या केल्या आणि त्यांतील किती टाकून दिल्या, हे दोन आकडे सक्तीचे करावेत. मौखिक परीक्षाही त्यांच्यापासूनच सुरू करावी.