रवींद्रनाथांचे कारवार आणि आपली सागरवर्णने

समुद्रकाठी चार दिवस पायी हिंडून घरी परतल्यावर ज्याच्या हाताला लेखणीची शिवशिव सुटत नाही, असा सुशिक्षित मनुष्य विरळाच. गोकर्णास महाबळेश्वराचे दर्शन झाले, की रामतीर्थाच्या बाजूने डोंगर ओलांडून कुडल्याची पुळण आणि तेथून जांभ्याचा कडा चढून-उतरून ॐकाराच्या आकाराची ती जुळी चंद्रकोर, ही वाट आता यात्रेकरूंच्याही परिचयाची झाली आहे. तिची वर्णनेही पुष्कळ वाचावयास मिळतात. ती वाचताना आम्हास एकच शंका वारंवार येते: या पुळणींवर माणसे राहतात की नाही? सूर्यास्त आहे, फेस आहे, माड आहेत. वाळूवर ओढून ठेवलेली होडीदेखील आहे. परंतु ती कोणी ओढली, हे मात्र लेखकास ठाऊक नसते.

हा दोष केवळ हौशी लेखकांचा म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याचे मूळ एका फार मोठ्या नावापाशी जाते. १८८३ च्या सुमारास रवींद्रनाथ ठाकूर कारवारास राहिले होते. त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते. (याच सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, हे आपल्या वाचकांनी विसरू नये.) ‘जीवनस्मृती’त, म्हणजे १९१२ च्या ग्रंथात, रवींद्रनाथांनी त्या किनाऱ्याची आठवण लिहिली आहे. सुरूचे बन, काळी नदीचे मुख, चांदण्या रात्री होडीतून नदीत वर जाणे, शिवकालीन गिरिदुर्ग, आणि परतताना समुद्रमार्गे न येता वाळूतून पायी चालत घरी येणे, हे सारे तेथे इतक्या मोजक्या शब्दांत आले आहे, की त्यापुढे आजची पानेच्या पाने भरलेली वर्णने फिकी पडावीत.

तथापि त्याच प्रसंगात एका शेतकऱ्याचे सारवलेले अंगण आहे. मंडळी तेथे बसली, बरोबर आणलेले जेवण जेवली आणि निघाली. अंगण लक्षात राहिले, चांदणे लक्षात राहिले. ते कोणी सारवले होते, ती व्यक्ती आठवणीत उरली नाही. वाळूवरची होडी आणि हे अंगण यांत आम्हास फारसा फरक दिसत नाही.

आश्चर्य असे, की या दोषावरचा उपाय रवींद्रनाथांनी स्वतःच त्याच कारवारात लिहून ठेवला. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाट्य तेथलेच. त्यातला संन्यासी सृष्टीची सारी बंधने तोडून अनंताकडे निघालेला. गाव जिचा स्पर्शही टाळतो अशी एक पोरकी मुलगी त्याला चिकटते. स्नेहाने बांधले जाऊ या भयाने तो तिला टाकून जातो आणि परत येतो तेव्हा ती गेलेली असते. अनंताचा शोध त्या क्षुद्र मानलेल्या जिवाला वगळून होत नाही, हे त्याला फार उशिरा कळते. आमच्या मते ही सागरवर्णनावरची सर्वांत कठोर टीका आहे. पुळणीवर उभा राहून क्षितिज न्याहाळणारा आणि पाठीमागच्या झोपडीकडे वळूनही न पाहणारा प्रवासी म्हणजे त्या संन्याशाचाच सुखवस्तू अवतार होय!

मागे वळून पाहिले असते तर काय दिसले असते? रांपण दिसली असती: दोन्ही टोकांना माणसे लागून किनाऱ्याकडे ओढायचे ते विशाल जाळे, आणि मग वाट्यांनी वाटून घेतलेली मासळी. यांत्रिक ट्रॉलर आले आणि हे जाळे रिकामे येऊ लागले. गोव्यात सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस रांपणकारांनी आंदोलन उभारले, १९८० साली सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. प्रवासवर्णनांत त्याचा मागमूस नाही. कारवारच्या दक्षिणेस अर्गे, बिणगे या बाजूचा किनारा नौदलाच्या तळासाठी घेतला गेला, तळ २००५ मध्ये कार्यान्वित झाला. हिंडणाऱ्याच्या लेखी एक देखावा गेला. खारव्याच्या लेखी होडी लावण्याची जागा गेली. देशाच्या संरक्षणास तळ हवा, याविषयी आमचा वाद नाही. परंतु या दोन हानी एका मापाने मोजणारे गद्य आम्हास मान्य नाही.

आपल्या देवळांच्या सावलीत वाढलेल्या समाजाला तर येथे हात झटकता येणारच नाहीत. आपल्या घरात समुद्र दोन वाटांनी येतो: तीर्थ म्हणून, आणि खारवणीच्या पाटीतून. श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास आपण जानवे बदलतो, तेव्हाच पुळणीवर समुद्राला नारळ अर्पण होतो. पहिल्यावर आपण ग्रंथ लिहिले. दुसऱ्याचे आपल्याकडे बहुधा छायाचित्रच असते.

हे लिहिताना आम्ही आमची स्वतःची गोकर्णाची टिपणवही उघडून पाहिली. वाटेवरच्या एका घरी भर दुपारी आम्ही पाणी मागितले होते. पाण्याबरोबर गूळही मिळाला, आणि गुळाची चव वहीत तीन ओळींत नोंदलेली आहे. देणाऱ्या बाईंचे नाव नाही. आम्ही विचारलेच नव्हते.