सिद्धतेआधीचे प्रकाशन : रामानुजन यांच्या वह्या

'पडताळणीवाचून वैज्ञानिक निष्कर्ष प्रसिद्ध करू नयेत' हा दंडक संहिताचिकित्सेच्या अभ्यासकास सहज पटणारा आहे. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती (१९६६ साली पूर्ण) त्याच शिस्तीतून सिद्ध झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र १९५७ साली श्रीनिवास रामानुजन यांच्या, मद्रास विद्यापीठात जतन केलेल्या वह्या मूळ हस्ताक्षरात, जशाच्या तशा दोन खंडांत छापल्या. त्यांतील बहुतेक सूत्रांना सिद्धताच नव्हती. ब्रूस बर्न्ट यांनी ती एकेक करून तपासली; त्यांचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात आले. तीन हजारांहून अधिक सूत्रांत चुका फारच थोड्या निघाल्या. म्हणून दंडक निकालात काढावा काय? १९१३ साली हार्डींना लिहिलेल्या पत्रातील मूळ संख्यांविषयीचे विधान चुकीचेच होते. येथे प्रश्न छापण्याचा नसून छापलेल्या संहितेच्या जातीचा आहे. टाटा संस्थेने वही ही वही म्हणूनच छापली. काम अपुरे असल्याचे हस्ताक्षरच सांगत होते. परीक्षणापूर्वी प्रसृत होणाऱ्या आजच्या शोधनिबंधांची मांडणी मात्र परीक्षित निबंधासारखीच असते, आणि वर्तमानपत्री वाचकास हा भेद कळण्याचा मार्ग उरत नाही.