‘फरशी’ की ‘वाफा’? : लूप-टाइलिंगच्या परिभाषेविषयी

इरिग्वाँ व त्रिओले यांनी १९८८ मध्ये लूपच्या आवर्तनांचे गट पाडून प्रत्येक गट अखंड पार पाडण्याची जी पद्धती मांडली, तिला त्यांनी ‘सुपरनोड’ असे नाव दिले होते. पुढे ‘टाइल’ हा शब्द रूढ झाला. मराठीत त्याला ‘फरशी’ म्हणण्याचा मोह साहजिक आहे. पण तो टाळावा. फरश्या कोणत्याही क्रमाने बसविता येतात. गणनेतील तुकड्यांना मात्र क्रम असतो, आणि नेमका तोच या शब्दाने झाकला जातो.

पुण्याच्या सी-डॅकचा १९९१ मधील ‘परम ८०००’ हा संगणक ६४ प्रक्रियकांचा होता. प्रत्येक प्रक्रियकाची स्मृती वेगळी. शेजाऱ्याचे उत्तर हवे तर संदेश पाठविणे भाग. अशा यंत्रावर १०२४ × १०२४ बिंदूंचे जाळे १६-१६ ओळींच्या पट्ट्यांत वाटले, व प्रत्येक बिंदूस डावीकडील आणि वरील बिंदूचे उत्तर लागते, असे समजू. एका संदेशाचा ठराविक खर्च २५६ बिंदूंच्या गणनेइतका धरू. तुकड्याची रुंदी १ ठेवल्यास एकूण काल सुमारे २,९५,००० एकके येतो. १६ ठेवल्यास ६५,०००. आणि सबंध १०२४ ठेवल्यास १०,६५,०००! शेवटच्या मांडणीत प्रत्येक सीमेवरून एकच संदेश जातो, तरीही तीच सर्वांत मंद. कारण प्रत्येक प्रक्रियक वरच्याची संपूर्ण पट्टी संपेपर्यंत रिकामा बसतो. विशेष हे की, सीमा ओलांडणारे आकडे तिन्ही वेळा १०२४ च असतात. तेव्हा ‘संदेशवहन कमी करणे’ हे उद्दिष्टाचे वर्णनच अपुरे ठरते.

परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावी दारे धरणाऱ्यास हा हिशेब नवा वाटणार नाही. वाफा फार मोठा केला, तर पुढचे वाफे कोरडे राहतात. फार लहान केला, तर सारा वेळ दारे मोडण्या-बांधण्यात जातो. म्हणून ‘वाफा’ हा शब्द अधिक अर्थवाही आहे. अर्थात दृष्टान्तास मर्यादा आहेच: दारे धरणारा एका वेळी एकच वाफा भरतो, येथे अनेक वाफे एकदम भरत असतात. वरील उदाहरणात योग्य रुंदी ही संदेशखर्चाच्या वर्गमुळाच्या जवळपास येते. तो खर्च चौपट झाल्यास रुंदी दुप्पट करावी लागेल.