घरातील उत्स्फूर्त बालछायाचित्र : रचना आणि संमती

प्रस्तावना

आई किंवा वडिलांनी घरातच, पूर्वतयारीशिवाय टिपलेले अपत्याचे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे असते. समीक्षेने मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही. ते 'उत्स्फूर्त' असल्याने त्यात रचना नसते, असे गृहीत धरले जाते. या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी राहते घर हेच आपले कलाक्षेत्र मानले. टेबलावर साध्या वस्तू मांडून, प्रकाशयोजनेच्या बळावर त्यांनी निसर्गदृश्याचा भास निर्माण केला. ही 'टेबल टॉप' छायाचित्रे म्हणजे उत्स्फूर्ततेचे दुसरे टोक होय. वस्तू हलत नाही. मूल हलते, कंटाळते, नकार देते. म्हणून पालकाच्या छायाचित्रातील रचना मांडणीत नसून निवडीत असते. कोणता क्षण टिपला आणि कोणता सोडला, यावर ती ठरते.

उमराव सिंग शेरगिल यांनी कन्या अमृता (१९१३-१९४१) हिची टिपलेली छायाचित्रे घरगुती असूनही नाट्यपूर्ण आहेत. पित्याच्या नजरेइतकेच कन्येचे कॅमेऱ्याविषयीचे भानही त्यांत जाणवते. अमेरिकेतील सॅली मान यांच्या 'इमिजिएट फॅमिली' (१९९२) या संग्रहातील स्वतःच्या मुलांच्या छायाचित्रांवरून वाद झाला. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यापुढे मुलांना स्थिर राहावे लागे. म्हणजे तेथील सहजताही घडवलेली होती.

जळगाव-धुळे परिसरातील घरांतही साधनांनी दृष्टी घडवली. छत्तीस छायाचित्रांच्या रोलमध्ये प्रत्येक टिपणीला किंमत होती. त्यामुळे मुलाला नवे कपडे घालून, 'हलू नकोस' असे बजावून उभे केले जाई. मोबाइलने ही मर्यादा दूर केली. उत्स्फूर्त छायाचित्र नित्याचे झाले, परंतु ते अल्बममधून थेट अनोळखी नजरांपुढे जाऊ लागले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बालकाच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक मानली आहे. पण पालकच छायाचित्रकार असेल, तर संमती देणारा आणि घेणारा एकच ठरतो.

समारोप

सारांश, उत्स्फूर्तता हा रचनेचा अभाव नव्हे; ती नात्यातील विश्वासातून लाभलेली मुभा आहे. अशा छायाचित्राचे मूल्यमापन करताना चौकट आणि प्रकाश यांबरोबरच, मुलाच्या नकाराला तेथे कितपत जागा होती, हेही पाहिले पाहिजे.